चुरा नेला कोणी

गवत कापायला लागत नाही, पाणी घालायला लागत नाही, खताचा तर प्रश्नच नाही, आणि तरी माझ्या नवऱ्याला सगळे माळीबुवा म्हणतात. कारण काय, तर ते फुटबॉलचं मैदान सांभाळतात. मैदानावरचं गवत सगळं प्लास्टिकचं. कारखान्यातून गुंडाळ्या आल्या, सतरंजी अंथरावी तशा अंथरल्या, खाली डिंक लावला, झालं हिरवंगार. त्या पात्यांच्या मधे काळा चुरा भरतात, जुन्या टायरांचा, मोहरीएवढा बारीक. त्यानं पाती उभी राहतात आणि पोरं पडली तर गुडघे फुटत नाहीत. हातात घेतला की हात काळा, आणि ऊन तापलं की असा वास सुटतो की टायरच्या दुकानात संसार थाटल्यासारखं वाटावं. आमचा संसार तिथेच आहे. कपडे बदलायच्या खोल्यांच्या मागे क्लबनं आम्हाला एक खोली दिली आहे. नोकरी आहे तोवर खोली, असा साधा हिशेब.

आमचे माळीबुवा रोज सकाळी हे मैदान विंचरतात. हो, विंचरतात! एक हातभर रुंद ब्रश आहे, त्याला दांडा आहे, तो ओढत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, म्हणजे आडवी झालेली पाती उभी राहतात. माझ्या केसांतून या माणसानं आयुष्यात कधी बोटं फिरवली नाहीत, पण त्या खोट्या गवताचा एक भांग वाकडा झाला तर जेवण गोड लागायचं नाही. चुरा कमी दिसला की शेडमधून पोतं आणायचं, फोडायचं, पसरायचं. संध्याकाळी पोरं घरी गेली की गेटपर्यंतची फरशीची वाट धुवायची. अशी धुवायची की तिच्यावर ताट मांडून जेवावं. बोलणं मात्र जेमतेम. आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडे आहे आणि ते मी कधी बंद ठेवत नाही.

तर त्या दिवशी अध्यक्ष आले. क्लबचे अध्यक्ष म्हणजे चौकातले टायरवाले. पोट आधी येतं, मागून अध्यक्ष येतात. बरोबर चिटणीसबाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. अध्यक्षांनी शेडचं दार उघडलं. शेड रिकामी. मग ते गोलपोस्टासमोर जाऊन उभे राहिले. तिथे मैदानाला टक्कल पडलं होतं, खालची चटई दिसत होती.

"पोती कुठे गेली?" अध्यक्षांनी विचारलं.

"मैदानात टाकली," माळीबुवा म्हणाले.

"मग मैदानात दिसत का नाहीत?"

माळीबुवांनी मैदानाकडे पाहिलं. जसं काही मैदानच उत्तर देणार होतं.

चुरा नगरपालिका पुरवते. मैदान तिचं, क्लब फक्त सांभाळतो. या खेपेला नगरपालिकेनं कळवलं होतं की एवढा चुरा जातो कुठे ते सांगा, मगच नवीन पोती मिळतील. अध्यक्षांनी शेडवरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पाहिलं होतं. त्यात एकच माणूस दिसत होता: ढकलगाडीवर पोतं घालून नेणारे माझे यजमान.

"पुरावा आहे," अध्यक्ष म्हणाले. "किल्ली तुमच्याकडे, पोती नेताना तुम्ही, आणि चुरा गायब. विकलात कुणाला?"

माझे यजमान गप्प. मला मात्र राहवेना. मी खोलीतून तशीच बाहेर आले, हात पिठाचे. "अहो अध्यक्ष, उचलली जीभ लावली टाळ्याला! टायरचा चुरा विकत घेऊन कोण काय करणार? चहात घालणार?"

"ते मला काय माहीत? चोराला माहीत."

"मैदानाचं काम करणारा माणूस मैदानाकडे पोतं नेणार नाही तर काय तुमच्या दुकानात नेणार?"

चिटणीसबाईंनी खोकला काढला, हसू दाबायला. अध्यक्षांचा चेहरा मात्र लाल झाला. रविवारी सकाळच्या सामन्यानंतर सभा आहे, तोवर चुरा कुठे गेला ते सांगा, नाहीतर किल्ली द्या आणि खोली सोडा, असं सांगून पोट वळलं आणि मागोमाग ते गेले.

आता खरं सांगते. ते गेल्यावर मी नवऱ्याला विचारलं, "तुम्ही नाही ना विकलात?" विचारताना माझाच आवाज मला आवडला नाही. पण माणूस गप्प असला की त्याच्या पोटात काय आहे हे देवालासुद्धा कळत नाही, मग बायकोला कुठून कळणार?

"तुला तसं वाटतं?" ते म्हणाले. एवढंच. आणि ताटावरून उठले.

मला माझा इतका राग आला की भांडी आपटून घासली. हा माणूस दुकानदारानं चुकून जास्त सुटे दिले तर अर्ध्या वाटेतून परत जाऊन देऊन येणारा. याला चोर म्हणतात, आणि वर मीही विचारते! त्याच क्षणी ठरवलं की चोर मी शोधणार. खोली गेली तरी दुसरी मिळेल, पण चोर म्हणून हाकललेल्या माणसाला या वयात दारात कोण उभं करणार? आणि करणारा भेटला तरी यांना स्वतःलाच मान वर करता येणार नाही. मी ओळखते ना त्यांना.

पहिला संशय भंगारवाल्यावर. रोज गेटवरून हातगाडी घेऊन जातो, माळीबुवा त्याला पाणी पाजतात, दोघं न बोलता शेजारी बसतात. न बोलणाऱ्यांची मैत्री मला कधीच कळली नाही. मी त्याची गाडी अडवली. वरचे डबे उचलले, खालचे पत्रे हलवले.

"वहिनी, काय हरवलं?"

"चुरा. टायरचा. घेतोस का असला माल?"

तो इतका हसला की गाडी सोडून खाली बसला. "फुकट दिलात तरी नको! त्याचं पुढे काही होत नाही. टायरचा चुरा झाला की झाला, त्याच्यापुढे त्याला कुणी विचारत नाही. माझ्या गाडीत ओतलात तर उलट मीच तुमच्याकडून मजुरी घेईन." मग हसू थांबवून म्हणाला, "माळीबुवांवर आळ आला का? कुणी काही विचारलं तर मी येऊन सांगीन हो." मी त्याचे डबे परत नीट रचून दिले.

दुसरा संशय घ्यायला माणूसच उरला नाही, तेवढ्यात नणंदेचा फोन आला. वन्संचं धुलाईचं दुकान आहे. क्लबचे सगळे कपडे त्यांच्याकडेच धुवायला जातात, आणि ते काम त्यांना मिळालं माझ्यामुळे, हे त्या सोयीनं विसरतात.

"आधी इकडे ये!" वन्सं ओरडल्या. "तुमच्या त्या चड्ड्यांनी माझं मशीन गिळलं!"

गेले. दुकानात घोटाभर पाणी, त्यात वन्सं स्टुलावर चढून उभ्या, आणि प्लंबर जमिनीवर आडवा पडून सांडपाण्याच्या पाइपमध्ये तार घालत होता. तार ओढली तसा पाइपातून एक काळा गोळा बाहेर आला. मांजर मरून पडलंय असंच मला आधी वाटलं.

"बाई, तुम्ही कपडे धुता का टायर?" प्लंबर म्हणाला.

मी तो गोळा उचलला. वन्सं "शी शी" करत होत्या, मी बोटांनी फोडत होते. चुरा! आमचाच चुरा. मोज्यांतून, चड्ड्यांच्या शिवणींतून, खिशांतून आलेला. मधे हिरवे धागे, ती मैदानाची तुटलेली पाती. आणि सगळ्याला धरून ठेवणारी एक करडी लव.

"आणि ही लव कसली?"

"जर्सीची. ती पण प्लास्टिकच आहे," प्लंबर म्हणाला. "असल्या कापडाची प्रत्येक धुण्याला थोडी थोडी लव निघते. हे जाड होतं म्हणून अडकलं. बारीक असतं ते कुठे अडकतंय? ते जातं खाली."

"खाली म्हणजे कुठे?"

"खाली म्हणजे खाली. गटारात, गटारातून तळ्यात. मी वरचा प्लंबर आहे, खालचं मला विचारू नका."

मला त्या काळ्या गोळ्याचा मुका घ्यावासा वाटला. चोर सापडला होता! चोर एक नव्हता, अख्खी टीम होती, पाठीराखे होते, शेंबडी पोरं होती, आणि अध्यक्षही होते, कारण दर रविवारी जुन्या मंडळींच्या सामन्यात तेच गोलात उभे असतात. माणूस मैदानावर आला की थोडं मैदान घेऊन घरी जातो. वन्संना मी हे सांगितलं तर त्या स्टुलावरून उतरून पाण्यातच नाचल्या. "माझा भाऊ सुटला! मी म्हणतच होते, आमच्या घरात चोर नाहीत, तुमच्या माहेरचं मला माहीत नाही." एरवी मी या वाक्याचं उत्तर दिलं असतं. त्या दिवशी सोडून दिलं, इतकी मी खूश होते.

तो गोळा डब्यात घालून मी परत निघाले. वाटेत मात्र मनात एक खडा टोचायला लागला. मोज्यांतून चुरा जातो, बुटांतून जातो, कबूल. पण शेडभर पोती? मोज्यांतून? आमच्या टीमची पोरं हत्ती आहेत का?

गेटमधून आत आले. संध्याकाळची वेळ, पोरं गेलेली. माळीबुवा वाट धूत होते. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून पाण्याची धार केली होती आणि शीळ घालत होते. आळ आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना बरं वाटत असावं, कारण सफाईचं काम हातात आलं की हा माणूस सगळं विसरतो. धार फरशीवरून पळत होती आणि तिच्यापुढे काळी लाट पळत होती. दिवसभर पोरांच्या बुटांनी वाटेवर आणलेला, वाऱ्यानं कडेला साचवलेला चुरा. लाट गटाराच्या जाळीपाशी आली, गोल फिरली आणि खाली गेली. मागून दुसरी आली. तीही गेली.

मी तशीच उभी राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे. मी भंगारवाल्याची गाडी उपसली, नणंदेच्या गटारात हात घातला, आणि चोर माझ्याच घरात शीळ घालत होता.

"काय करताय?"

"वाट धुतोय. रोजच धुतो."

"हे काळं काय जातंय?"

"घाण."

"घाण? अहो, तुमच्या हातातली ती धार बघा! तोच चुरा आहे हा! पोतं फोडून मैदानात तुम्हीच टाकता आणि मैदानाबाहेर आला की तुम्हीच गटारात ढकलता!"

त्यांनी खाली वाकून वाहत्या पाण्यात हात घातला. तळवा वर काढून बघितला. काळे दाणे, बोटाबोटांत बसलेले. नळ बंद केला आणि कठड्यावर बसले. तोंड असं झालं की मला ओरडल्याचं वाईट वाटलं.

"मी म्हटलं, लोकांना स्वच्छ वाट मिळावी," ते म्हणाले.

"मिळाली ना. आता ऐका. हे कुणाला सांगायचं नाही. रविवारी मी बूट दाखवते, मोजे दाखवते, वन्संचा गोळा दाखवते. सगळ्यांचे बूट चोर आहेत म्हटल्यावर कोण कुणाला काढणार? तुम्ही फक्त माझ्या शेजारी उभं राहायचं आणि जे तुम्हाला उत्तम जमतं ते करायचं. गप्प बसायचं."

ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. मी हो समजले. इतक्या वर्षांच्या संसारात ही चूक मी किती वेळा केली आहे, आणि तरी करते.

दुसऱ्या दिवशी ते गटाराच्या कडेकडेनं चालत थेट तळ्यापर्यंत जाऊन आले. परत आले तेव्हा पॅंट गुडघ्यापर्यंत भिजलेली. जेवताना म्हणाले, "काठावर काळी रेघ आहे. जाड. त्यात हिरवे धागेपण आहेत." मी वाढत होते. ते म्हणाले, "बदकं चोच घालतात तिथे." थोड्या वेळानं म्हणाले, "आपल्या नळाला त्याच तळ्याचं पाणी येतं ना?"

"गाळून येतं. जेवा," मी म्हटलं.

त्यांनी पेल्यातल्या पाण्याकडे बघितलं आणि ते प्यायले. पण त्या दिवसापासून वाट धुतली नाही. केरसुणीनं चुरा गोळा करायचे आणि ओंजळीनं परत मैदानात टाकायचे. मला वाटलं, चला, मिटलं.

रविवारी सामना झाला. अध्यक्षांनी गोल खाल्ले, पोट असून चेंडू अडला नाही. मग सगळी कमिटी घामाघूम होऊन सभेच्या खोलीकडे आली आणि दारातच थबकली. दारात मी वन्संच्या दुकानातली पांढरी शुभ्र चादर अंथरली होती.

"बूट काढा," मी म्हटलं.

"वहिनी, हा काय प्रकार आहे?"

"झडती. चोर शोधायचाय ना? काढा बूट, आणि या चादरीवर उलटे करा. मोजेसुद्धा. तुमच्यापासून सुरुवात करू, अध्यक्ष. की चोराच्या मनात चांदणं?"

सगळ्यांसमोर असं म्हटल्यावर न काढून करतात काय! त्यांनी एक पाय उचलला, दुसऱ्यावर तोल सावरेना, चिटणीसबाईंनी खांदा दिला. बूट उलटा केला. चादरीवर काळी धार पडली. माणूस गोलासमोर लोळलेला, दोन्ही बुटांतून इतका चुरा निघाला की मलाच कौतुक वाटलं. मग मोजे. मग मी म्हटलं, खिसे. खिशांतूनही निघाला. एकेक करून सगळ्यांनी झाडलं. चिटणीसबाई फक्त बघायला आल्या होत्या, तरी त्यांच्या पट्ट्याच्या चपलांत निघाला. चादरीच्या मधे ढीग झाला. वर मी वन्संचा गोळा ठेवला.

"हा घ्या तुमचा चोर," मी म्हटलं. "प्रत्येक खेळाला, प्रत्येक माणसामागे. हे घरी जातं, धुण्यात जातं, मोरीतून गटारात जातं."

"बुटांतून एवढा चुरा जात नाही," अध्यक्ष पुटपुटले. पाय उघडे असलेला माणूस फार जोरात बोलू शकत नाही.

"असं? मग तुमच्या धंद्यातलं सांगा. गिऱ्हाईक नवा टायर नेतं, त्यावर ही एवढी खोल नक्षी असते. काही वर्षांनी येतं तेव्हा टायर गुळगुळीत. नक्षी गेली कुठे?"

"झिजली."

"झिजून गेली कुठे? रस्त्यावर टायरांचे ढीग दिसतात का?"

अध्यक्षांनी आयुष्यभर टायर विकले, पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. मलाही आदल्या दिवशीच भांडी घासताना सुचला होता. चिटणीसबाई म्हणाल्या, "खरंच की. रस्त्यावरून वाहून जातं सगळं. थोडं थोडं करून." खोलीत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, माळीबुवांवर उगाच आळ घेतला. दुसरा म्हणाला, माफी मागायला हवी. अध्यक्षांनी घसा साफ केला. ते माफी मागणार होते! मी ती माफी ऐकायला दोन्ही कान उघडे ठेवून उभी होते.

आणि माझे यजमान बोलले.

"बुटांतून जातो तो थोडा," ते म्हणाले. "बाकीचा मी नेला. वाट धुताना. रोज गटारात ढकलत होतो. मला वाटलं घाण आहे. जाऊन बघून आलो, तळ्याच्या काठावर पडलाय."

हात दाखवून अवलक्षण! वर्षाकाठी चार वाक्यं बोलणारा माणूस, आणि ती चारही त्यानं तिथे, त्या क्षणी खर्च केली. मला चादर ओढून त्यांच्या तोंडात कोंबावीशी वाटली.

मग अध्यक्ष हळूच म्हणाले, "तळ्यात?"

"तळ्यात."

"पिण्याच्या तळ्यात?"

"एकच तळं आहे," माळीबुवा म्हणाले.

अध्यक्षांनी उठून दार लावून घेतलं. आता त्यांचा आवाज गोड झाला. हे बघा, म्हणाले, माळीबुवा, तुमची काही चूक नाही. माणूस तुम्ही सज्जन आहात. नोकरी तुमचीच, खोली तुमचीच. पण तळ्याचं नाव नगरपालिकेत गेलं तर मैदान बंद होईल. पोरं कुठे खेळणार? तेव्हा आपण साधं सरळ उत्तर देऊ. चोरी झाली. तो भंगारवाला रोज गेटवर घुटमळतो, सगळ्यांनी बघितलंय. त्याचं नाव देऊ. नवीन पोती येतील, मैदान चालू राहील, सगळे सुखी.

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. नवऱ्यावरचा डाग गेला, खोली राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी हे मला कळत होतं, पण संन्यासी माझा कोण लागतो, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. ज्याचे डबे मी उपसले आणि जो तरीही साक्ष द्यायला येतो म्हणाला, त्याच माणसाबद्दल. मी मान खाली घातली आणि गप्प राहिले. मी! गप्प!

"त्याचं नाव नको," माळीबुवा म्हणाले.

"अहो, त्याला कोण काय करतंय? फार तर पोलीस दोन दिवस बसवून ठेवतील."

"त्यानं नेला नाही. मी नेला. माझं नाव द्या, आणि कुठे गेला तेही लिहा."

"तळ्याचं लिहिता येणार नाही, सांगितलं ना!"

"मग नुसतं माझं द्या. पण त्याचं नको. आणि नवीन पोती मी फोडणार नाही."

अध्यक्षांनी त्यांच्याकडे बघितलं, मग कमिटीकडे. असा सोपा चोर त्यांना आयुष्यात भेटला नसेल. नाव द्या म्हणतोय, कामही सोडतोय. "ठीक आहे," ते म्हणाले. "माळीबुवांनीच नेला. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

"चोराच्या उलट्या बोंबा!" मी ओरडले. "ढीग दिसत नाही का तुम्हाला? आत्ता माफी मागायची म्हणत होतात! लाज वाटत नाही अनवाणी पायांनी बसून दुसऱ्याला चोर म्हणायला?" आणखी बरंच बोलले, ते इथे सांगण्यासारखं नाही. हात एकेक करून वर गेले. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, सगळे आपापले बूट शोधत होते. चिटणीसबाईंचा हात सगळ्यांत शेवटी गेला, खांद्यापर्यंतच गेला, पण गेला. माळीबुवांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि माझं कोपर धरून मला बाहेर आणलं.

पायऱ्यांवर मी रडले. रागानं रडले, उगाच दुसरं कारण कुणी शोधू नये. "तुमचं नाव वाचवायला निघाले होते मी," मी म्हटलं. "जगभर फिरले, गटारात हात घातले. आणि तुम्ही ते आपल्या हातानं दिलंत. तुम्हाला कळतं का, आता सगळे तुम्हाला चोर म्हणणार?"

"हो."

"तुम्हाला माहीत तरी होतं का, धुताना? नव्हतं ना? मग कसली चोरी?"

"तेव्हा माहीत नव्हतं," ते म्हणाले. "आता आहे ना."

या माणसाशी भांडायचं कसं, सांगा. मी डोळे पुसले.

"उद्या नगरपालिकेत जातो," ते म्हणाले. "तळ्याचं सांगायला पाहिजे."

"चोराचं कोण ऐकणार तिथे?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझं नाही ऐकणार. तू ये ना बरोबर. तू बोललीस की ऐकावंच लागतं."

इतक्या वर्षांत या माणसानं माझ्या तोंडाबद्दल बरं असं पहिल्यांदाच काही म्हटलं होतं. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्याहून भयंकर प्रेम आलं होतं, आणि दोन्ही एकदम आलं तर काय करायचं हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "येईन. पण बोलणार मी, तुम्ही मधे तोंड उघडायचं नाही."

"बरं," ते म्हणाले. मग आम्ही दोघं खोली आवरायला गेलो.